शिंपीणबाईंचं वाचन

आमच्या चर्चमागच्या गल्लीत शिंपीणबाई तीस वर्षं लोकांचे कपडे सैल आणि आखूड करून देतात. तोंडात सतत टाचण्या, त्यामुळे बोलणं मोजकं. नाताळाआधीच्या आगमनकाळात पहिल्या रविवारचं बायबलवाचन मात्र दरवर्षी माझं असे. उभा जन्म रंगभूमीवर गेलेला माणूस मी! यंदा फादरांनी ते बाईंना दिलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

शनिवारी बाई घरी आल्या. "काका, जरा शिकवा ना. चारचौघांत कधी वाचलेलं नाही मी."

"त्यात शिकवायचं काय? सावकाश वाचा म्हणजे झालं," मी तुटकपणे म्हणालो. शिकवण्यासारखं पुष्कळ होतं, द्यायचं नव्हतं.

उठायची वेळ झाली, दिवस उजाडतोय, एवढाच त्या वाचनाचा आशय. रविवारी बाईंनी ते घरातल्या मुलांना हाक मारावी तसं वाचलं. माझ्या गर्जनेतही घोरणारे पुढच्या बाकावरचे पेन्शनर दचकून ताठ बसले. खरंच उजाडलं का म्हणून लोक चक्क खिडक्यांकडे पाहू लागले. मी वाचायचो तेव्हा सगळे माझ्याकडे बघायचे, आणि मला तेच हवं असायचं.

दुसऱ्या रविवारी वाचन माझं होतं. मी गळ्याला मफलर गुंडाळून गेलो आणि आवाज बसल्याचं फादरांना खुणेनं सांगितलं. पुस्तक बाईंकडे गेलं.

"काका, नाटक छान वठलंय हो," बाई कुजबुजल्या.

"तुमच्यावर जळतोय मी अजून," मी खणखणीत आवाजात म्हणालो. "जा, वाचा आता."