मे महिन्यातला मुकुट

केनवडकडची ती घटना आजही आठवते, कारण चोरीला गेलेली वस्तू मुळात होती का, इथूनच मला तपास सुरू करावा लागला.

मी तेव्हा ठाणेदार होतो. मे महिन्यातली सकाळ. हजेरी आटोपून स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात एक शेतकरी निम्मं गाव घेऊन ठाण्यात शिरला आणि त्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. बातमी होती: 'शेततळं खोदताना प्राचीन राजाची कबर सापडली, सोन्याचा मुकुट गायब!' खाली मातीत चमकणाऱ्या मुकुटाचा फोटो.

"सायब, वावर माहं अन् सोनं जेसीबीवाल्यानं पळवलं. दुपट्ट्यात काहीतरी बांधून नेतानी माह्या सालदारानं पायलं त्याले!"

जेसीबीचा चालक कामरगावचा. त्याच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं, त्यामुळे गावाला चोरीचं कारणही आयतंच सापडलं. मी त्याला बोलावून घेतलं. दुपट्ट्यात काय होतं, या प्रश्नाला त्याचं एकच उत्तर, "काही नाही सायब." चोर सहसा लांबलचक हकिकत सांगतो. हा नुसता घाम पुसत होता. कशाला तरी घाबरलाय, एवढं मला कळलं.

मग मी त्या बातमीचाच जबाब घ्यायला बसलो. वार्ताहराला बोलावलं.

"मुकुट तुम्ही पाहिला?"

"नाही सर, फोटो आला."

"कुठून?"

"गावाच्या ग्रुपवरून."

ग्रुपवर टाकणाऱ्याला दुसऱ्यानं पाठवला होता, त्याला तिसऱ्यानं. मुकुट डोळ्यांनी पाहिलेला एकही माणूस मिळेना. शेवटी मी तो फोटो मोठा करून पाहिला. माती तांबडी होती आणि कोपऱ्यात लोकरीचा जाड कोट घातलेला एक माणूस उभा होता. आमच्याकडची जमीन काळीभोर, आणि मे महिन्यात केनवडात कोट घालून कोण खोदकाम बघेल? मला मोठ्यानं हसू आलं. हवालदार माझ्याकडे बघतच राहिला.

तो फोटो मी चालकाला दाखवला. "मुकुट नव्हताच, हे मला कळलंय. आता सांग, दुपट्ट्यात काय नेलंस?"

तो रडायलाच लागला. "हाडं होती सायब, माणसाची. बकेटात कवटी आली. मले वाटलं कोणाचा तरी मर्डर हाय, माह्यावरच येईन. पण तशीच कशी फेकू? कोणाचं तरी लेकरू असन ते. धुऱ्यावर गाडली, फातेहा पढली अन् घरी गेलो."

चालकाला आणि दोन पंचांना घेऊन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर गेलो. दुपट्टा निघाला, आत हाडं. शेततळ्याच्या खड्ड्याभोवती मोठमोठ्या दगडांचं अर्धवट रिंगण उरलं होतं. मी काम थांबवलं आणि तहसीलदारांमार्फत पुरातत्त्व खात्याला कळवलं.

तिथून एक बाई आल्या. मडक्यांचे तुकडे, गंजलेली लोखंडी कुऱ्हाड, लाल दगडाचे मणी. सोन्याचा कणही नाही, तरी त्यांचा चेहरा उजळला.

"किती जुनं असेल?" मी विचारलं.

"लेखी इतिहासाच्या आधीचं दफन दिसतंय. नक्की काळ तपासल्याशिवाय सांगणार नाही. हाडं जागेवर असती तर बरंच कळलं असतं."

शेजारी उभ्या असलेल्या चालकानं मान खाली घातली. मला त्याची कीव आली आणि बाईंचं म्हणणंही पटलं. घटनास्थळ हललं की पुरावा मुका होतो, हे आम्हा पोलिसांनाही ठाऊक असतं. बातमीवाल्यानं शेत न बघता राजा आणि मुकुट ठरवला. बाई खड्ड्यात उतरूनही दफनाचा काळ सांगायला तयार नव्हत्या. तेव्हापासून जमिनीतून काही निघाल्याची बातमी आली की ते कोणी डोळ्यांनी पाहिलंय, हे मी आधी विचारतो.

मुकुटाची बातमी जिल्हाभर फिरली. मुकुट नव्हताच, हे मात्र कोणी छापलं नाही.

चालकानं मला लग्नाचं आमंत्रण दिलं. मी गेलो. नवरीच्या गळ्यात काचेच्या मण्यांची साधी माळ तेवढी होती.

"काय रे, दागिने नाही केले?" मी हळूच विचारलं.

"केले ना सायब. तिच्या मायनं पै-पै जोडून केले. पेटीत हायेत." तो मांडवाकडे बघत म्हणाला, "आज घातले असते तं लोक म्हनले असते, मुकुट वितळवला."