स्टेशनच्या पायऱ्यांवरचा कोलू

ये, अशी जवळ सरक, आणि तो फोन आधी पालथा ठेव. पुण्याहून नोकरीला इथे आलीस, पण त्याच शहरातल्या शोळिंगनल्लूरहून आवडीला माझ्याकडे यायला तुला अख्खा उन्हाळा लागला! आमचे पूर्वज घोड्यावर बसून तंजावरला आले, तेसुद्धा याहून लवकर पोचले असतील. मागच्या वेळी कॉफी अर्धी टाकून पळालीस, म्हणून रोजाची गाठ पडली नाही. आता निदान तिच्याबद्दल ऐकून तरी जा.

रोजा कुणाच्याही दाराची बेल वाजवत नाही. उंबऱ्यावर उभी राहते, पदर खोचते आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, "रोजा आली!" की आलीच आत. मी एकदा म्हटलं, "अगं, मग ती बेल कशाला लावलीय?" तर म्हणते, "बेल वाजली की आतली माणसं विचारतात, कोण? मग दार उघडायचं की नाही ते ठरवतात. मी ठरवायला वेळच देत नाही, जानकी."

ती नरिकुरवर. मणी, सुया, फण्या विकत फिरणारे हे लोक. देवळाबाहेर, फलाटावर बसलेले तू पाहिले असशील, आणि येणाऱ्याजाणाऱ्या बायका त्यांच्यापासून साडी सावरून कशा चालतात तेही पाहिलं असशील. आमचे वडील इथल्या कारखान्यात कारकून, आम्ही सरकारी क्वार्टर्समध्ये. रुळांच्या पलीकडे त्यांच्या झोपड्या. शाळा मात्र एकच. बाई तिला वर्गात एकटीला खिडकीपाशी बसवायच्या. रोजा म्हणायची, "बसा तुम्ही घामात. वारा सगळा मला."

आमची मैत्री नळावर झाली. ती आपल्या आईला ओरडून सांगत होती, "पाणी!" मी जागच्या जागी थांबले. आवडीत सगळे 'तण्णी' म्हणायचे. 'पाणी' हा शब्द मी आमच्या घराबाहेर कधी ऐकलाच नव्हता. मला वाटलं, ही आपली नातेवाईकच असणार! त्यांची बोली मूळची उत्तरेकडची, आपल्या भाषेच्या नात्यातली, हे मला पुढे कळलं. धावत घरी जाऊन आईला सांगितलं, तर आईचा चेहरा उतरला. "हे कुठे बोलू नकोस," ती म्हणाली. "तीनशे वर्षं झाली इथे येऊन, तरी आपल्याला परकेच म्हणतात. त्यात आता त्यांच्याशी नातं जोडायला जाऊ नकोस."

आई दुष्ट नव्हती गं. घाबरलेली होती. रस्त्यात आमच्याशीसुद्धा तमिळच बोलायची, आणि मराठी दार लावून.

आम्ही चौथीत होतो तेव्हाची गोष्ट. नवरात्र आलं. तुमच्याकडे घट बसतो, आमच्याकडे कोलू मांडतात. पायऱ्या रचायच्या, वर देव, खाली माणसं अशा बाहुल्या बसवायच्या, संध्याकाळी बायकामुलींना बोलवायचं. आलेलीने एक गाणं म्हणायचं, आपण कुंकू, विडा आणि सुंडल, म्हणजे फोडणीचे चणे, द्यायचं. मी रोजाला बोलावून बसले. ती केस चापूनचोपून, नव्या मण्यांची माळ घालून आली. आईने तिला फाटकातच थांबवलं आणि पानावर सुंडल आणून दिलं.

फाटकातून थेट आमची पुढची खोली दिसायची. रोजाने मान लांब करून पाहिलं. खालच्या पायरीवर एक मातीची बाहुली होती. कमरेला टोपली, पाठीवर पोर, गळाभर मणी.

"ती आमच्यातली ना?" रोजाने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"म्हणजे माझी बाहुली आत, आणि मी बाहेर?"

आईने तिच्या हातातल्या पानाकडे बोट दाखवलं. "खा पोरी, गरम आहे तोवर," एवढंच म्हणाली. आणि रोजाने खाल्लं हो, पान चाटून! नंतर मी रडत विचारलं, तू खाल्लंस कशाला? तर म्हणाली, "चण्यांनी माझं काय वाकडं केलंय?"

त्या रात्री आईने मला बजावलं. त्या मुलीला पुन्हा घरी आणायचं नाही, मैत्री शाळेच्या फाटकापर्यंतच. दुसऱ्या दिवशी हे रोजाला कसं सांगू या विचारात होते, तर तीच म्हणाली, "शुक्रवारी आमच्याकडे कोलू आहे. तुझ्या आईला घेऊन ये."

"तुमच्याकडे पायऱ्या कुठे आहेत?"

"रेल्वेने बांधून ठेवल्यात की."

आईला हे सांगायची माझी काय छाती! पण शुक्रवारी आई मला घेऊन गाडीने नारळ आणि फुलं आणायला शहरात जायची, हे रोजाला ठाऊक होतं. त्या शुक्रवारीही गेलो. संध्याकाळी परत येऊन स्टेशनात गाडीतून उतरून रुळांवरच्या पुलापाशी येतो तर समोर कोलू! पुलाच्या पायऱ्यांवर एका बाजूला रोजाने आपली सगळी भावंडं बसवली होती. सगळ्यात वर नीळ फासलेला कृष्ण. त्याच्या खाली मांडीवर सूप आडवं धरलेली सरस्वती, ती म्हणे वीणा. गणपतीला झोप लागलेली. बाकीचे वाणी, शिपाई, नवरानवरी. डास चावला म्हणून कृष्णाने पाय खाजवला, तशी रोजा ओरडली, "ए, बाहुल्या खाजवत नाहीत!"

गाडीतून उतरलेली माणसं हसत उभी राहिली. रोजा डब्याच्या झाकणात हळदकुंकू घेऊन सरळ आईसमोर आली. "या अम्मा, आमच्या कोलूला या."

आता बघ. नवरात्रातला शुक्रवार, सवाशीण बाई, समोर कुंकू. नाही म्हणायची सोयच नाही! आईने इकडेतिकडे पाहिलं, कोण कोण बघतंय ते. मग तिने कपाळ पुढे केलं. रोजाने कुंकू लावलं, विडा आणि निळ्या मण्यांची माळ हातात ठेवली आणि म्हणाली, "आता गाणं."

"इथे?"

"कोलू इथेच आहे ना!"

आणि पोरी, आई गायली. पण तमिळ नव्हे. भांबावून जे ओठांवर आलं ते गायली, आमच्या घरातलं जुनं मराठी पद, जे ती दार लावून म्हणायची. भर स्टेशनात! पुलाखाली मणी मांडून बसलेली रोजाची आजी उठून पायऱ्या चढून आली आणि गाणं संपल्यावर म्हणाली, "थोडं थोडं कळलं मला." आई तिच्याकडे बघतच राहिली. मग आपण होऊन वाकली आणि त्या म्हातारीच्या पायांना हात लावला.

एकीचं कुंकू घेतलं की तिला आपल्या घरी बोलवावंच लागतं, ही आमची रीत. घरी पोचल्यावर फाटक उघडताना आई म्हणाली, "उद्या तिला बोलव. सगळ्या बाहुल्यांसकट."

ती आली ती रांगेने, नीळ पुरती न गेलेल्या कृष्णासकट. शेजारच्या कामाक्षी मामी कुंपणावरून म्हणाल्या, "यांना आत घेतलंत तर आम्ही यायचो नाही हं."

आई दारात तबक घेऊन उभी होती. म्हणाली, "मामी, मी हिच्या घरचं कुंकू घेतलंय. हिला नाही बोलावलं तर पाप मला लागेल. तुम्ही नाही आलात तर सुंडल उरेल, एवढंच." आणि हे मराठीत म्हणाली! मग आठवण होऊन पुन्हा तमिळमध्ये सांगितलं. मामी त्या वर्षी आल्या नाहीत, पुढल्या वर्षी सगळ्यांच्या आधी आल्या.

आत आल्यावर रोजा कोलूसमोर मांडी ठोकून बसली आणि हक्काने म्हणाली, "आणखी वाढा." त्यानंतर आमच्या घराचं फाटक तिच्यासाठी कधी लागलं नाही.

पुढे तिने वस्तीतल्या बायकांना गोळा करून मण्यांचे दागिने बनवायला घेतले. शहरातल्या नुंगंबाक्कम भागातल्या एका मोठ्या दुकानाने ते काचेच्या कपाटात मांडले. पहिल्यांदा गेली तेव्हा रखवालदार म्हणाला, मागच्या दाराने ये. ही तिथेच फूटपाथवर पथारी टाकून बसली आणि गिऱ्हाइकांना सांगू लागली, "आतल्या माळा इथे निम्म्या भावात!" मालक धावत बाहेर आला. तिला पुढच्या दाराने आत नेलं, खुर्ची दिली, वर कॉफी. मला सांगताना म्हणाली, "कॉफी पांचट होती, पण मी दुसरी मागितली."

आई शेवटी अंथरुणाला खिळली तेव्हा रोजा रोज दुपारी यायची. आई तिला म्हणायची, "तू मला माझ्याच दारातून बाहेर काढलंस गं." रोजा म्हणायची, "आणि तुम्ही मला आत घेतलंत. झाली फिट्टंफाट."

आता तिचं पक्कं घर आहे, वस्तीतलं पहिलं. तिथे दरवर्षी कोलू बसतो. कामाक्षी मामींची सून येते, गॅसवाला येतो, वस्तीतली झाडून सगळी पोरं येतात. उंबऱ्याबाहेर कुणाला सुंडल द्यायचं नाही, ज्याला हवं त्याने आत येऊन बसायचं, हा तिचा कायदा. यंदा तिने मला बजावून ठेवलंय, "त्या पुण्याच्या मुलीला आण, आणि तिला गाणं येत असेल तरच नाही, येत नसलं तरी आण." तेव्हा नवरात्राच्या शुक्रवारी ऑफिसला काय सांगायचं ते तू बघ. दुपारीच ये, आपण दोघी मिळून जाऊ. आणि हो, तोवर थांबू नकोस, मधल्या रविवारीही ये.