माळ आणि ट्युनाचा डबा

नवघरच्या ज्या दुकानातून मी माझ्या मांजराचं खाणं आणते, तिथे ते भेटले. साठीचे गृहस्थ, बोलणं रत्नागिरीकडचं. दोन्ही हातांत मांजराच्या खाण्याचे डबे, आणि गळ्यातली तुळशीची माळ शर्टाच्या आत ढकलून वरचं बटण लावलेलं.

“चष्मा घरी राहिला. जरा वाचून सांगता, प्रोटीन कशात जास्त?”

मी वाचलं. चिकनच्या डब्यात पाणीच जास्त होतं. ट्युनाच्या डब्यात प्रोटीन जास्त, वर टॉरिनही होतं.

“टॉरिन हवंच, असं डॉक्टर म्हणाले.”

मग त्यांनीच सांगितलं, त्यांच्या घरातले सगळे माळकरी, मासेमटण वर्ज्य, म्हणून मांजरीलाही दूधभातच. ती खंगत गेली, खिडकीवर उडी मारेनाशी झाली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना चांगलंच झापलं. ट्युना म्हणजे मासा, हे मी सांगितल्यावर त्यांनी डबा रुमालात गुंडाळून घेतला आणि मान खाली घालून गेले. त्या घरात तो उघडला तरी जाईल का, ही रुखरुख मला लागून राहिली.

परवा ते पुन्हा दिसले. माळ शर्टाच्या बाहेर होती. त्यांनी काही न विचारता ट्युनाचेच डबे उचलले.

“खातेय का?” मी विचारलं.

“खातेय तर. काल फ्रिजवर चढून बसली होती.”

मला एकदम हायसं वाटलं. तरी विचारलंच, “आणि घरचे?”

ते डबे पिशवीत ठेवत शांतपणे म्हणाले, “माळ आम्ही घातलीय. तिने कुठे घातलीय?”