माहेरचं नाव

इंदापुरातल्या एका खासगी दवाखान्यात सत्त्याण्णव साली संगणक आला आणि कौसल्याबाईंचं डोकं फिरलं. साहजिकच होतं म्हणा. उभी हयात केसपेपरच्या खिडकीत काढलेली बाई! पेशंट उंबऱ्यात दिसला की नाव, गाव, दुखणं बाईंना तोंडपाठ. डॉक्टरसुद्धा आधी बाईंकडे बघायचे आणि मग पेशंटकडे. आता त्या खिडकीत बसली बारामतीची माधवी, संगणकाचा कोर्स केलेली कालची पोर.

यंत्राला धूळ चालत नाही म्हणून खोलीला काच आली, पडदा आला, नवा पंखा आला. चपला बाहेर काढायच्या. बाईंनी त्याच जागी इतके उन्हाळे घामात काढले, तेव्हा कुणी पुठ्ठ्यानं वारा घातला नव्हता. माधवीला चहा कपबशीतून, बाईंना स्टीलच्या पेल्यातून. नुसता जळफळाट व्हायचा. त्यात जुने केसपेपर माधवीला वाचून दाखवायचं कामही बाईंच्याच गळ्यात पडलं. बाईंनी रागारागानं सगळं धडाधड वाचलं, कुणाला सांगू नये असंसुद्धा. घाल म्हणावं, तुझ्या डबड्यात घाल सगळं!

श्रावणातल्या एका सकाळी लोणी देवकरची एक सासू सुनेला रिक्षातून घेऊन आली.

"राजनंदिनी नाव हाय. पायात खुरपं घुसलंय, ताप उतरंना."

माधवीनं नाव टाइप केलं. "या नावाचं कुणी नाही. नवीन पेपर काढते."

बाईंनी मात्र पोरीला बघताक्षणीच ओळखलं. ही तर नरसिंहपूरची म्हाळसा! लग्नात नाव बदललं, एवढंच. लहानपणी इथंच पेनिसिलीनची सुई दिल्यावर हिचं तोंड सुजलं होतं, श्वास अडकला होता, मरता मरता वाचली होती. बाईंच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता डॉक्टर तीच सुई सांगतील, यंत्र मख्खासारखं बसेल, आणि अगदी ऐन वेळी आपण म्हणू, थांबा डॉक्टर! मग कळेल कुणाची काय किंमत आहे ती. पोर ओळखीचं हसली, तशी बाईंनी नजर फिरवली आणि भिंतीला टेकून गप उभ्या राहिल्या.

डॉक्टरांनी पाय बघितला आणि पेनिसिलीन भरायला सांगितलं. सिस्टरनं सुई भरली. बाई तोंड उघडणार, एवढ्यात नवा पेपर भरता भरता माधवीनं विचारलं, "वहिनी, माहेरचं नाव काय तुमचं?"

"म्हाळसा. नरसिंहपूरची," पोर पुटपुटली.

बटणं खडखडली आणि माधवी उभीच राहिली. "डॉक्टर, थांबा! पेनिसिलीन नको! हिला रिअ‍ॅक्शन आलेली आहे!"

बाईंचं वाक्य, बाईंची वेळ, त्या कालच्या पोरीनं डोळ्यांदेखत पळवली. बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. पण माधवी तिथंच थांबली नाही. पडद्यावर दिसलं ते सगळं तिनं मोठ्यानं वाचलं, "आणि फिट येतात, गोळ्या चालू आहेत."

सासूची मान वळली. "फिट? कुणाला येत्यात फिट?"

म्हाळसाच्या आईनं एकदा बाईंचे हात धरून विनवलं होतं, सोयऱ्यांना कळू देऊ नका. बाईंनी ते शब्दानं कुणाला कळू दिलं नव्हतं, माधवीला ते केसपेपर वाचून दाखवण्यापर्यंत.

डॉक्टरांनी दुसरी सुई दिली. पोरीचा जीव वाचला, यात शंका नाही. पण सासू कपाळावर हात मारून म्हणाली, "फसवलं आमास्नी! पाय बरा झाला की माहेरीच ऱ्हा आता." आणि मुलाला फोन करायला बाहेर गेली.

"असलं चारचौघांत वाचतात का?" डॉक्टर माधवीवर कडाडले. ती रडायला लागली. "कौसल्याबाई, उद्यापासून खिडकीत तुम्ही बसा. हिनं नुसतं टाइप करायचं."

याच शब्दांसाठी बाई किती दिवस झुरल्या होत्या. सुईचं आपण आधीच डॉक्टरांच्या कानात सांगितलं असतं, तर बाकीचं वाचायची वेळच आली नसती, हे त्यांना लख्ख कळत होतं. आणि तरी माधवीला रडताना बघून कुठंतरी बरंही वाटत होतं.

कॉटवरून म्हाळसानं त्यांचा पदर धरला. "मावशी, तुमी मला आल्या आल्या वळखलं व्हतं न्हवं?"

बाईंनी पदर सोडवून घेतला.

"न्हाय गं पोरी. लय माणसं येत्यात हितं."