हर्शेलचा झरा

डेलमर प्रूइटने चाळीस वर्षं टर्ली काउंटीत बोअर मारल्या. अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या त्या डोंगराळ कोपऱ्यात कुठल्या टेकडीखाली काय आहे, ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. बोलायला तो कमी. त्याची बायको नोरीन म्हणायची, याच्याकडून शब्द काढायचा तर यंत्रच लावायला हवं. पण त्याने 'इथे पाणी लागेल' म्हटलं की लोक दुसऱ्या कुणाला विचारत नसत.

म्हणूनच एप्रिलमध्ये दाणावैरणीच्या दुकानात टॅमरा आणि ग्रेग लिंडक्विस्ट आले, तेव्हा दुकानदाराने त्यांना डेलमरकडे पाठवलं. नवरा-बायको पन्नाशीचे, डेन्व्हरहून आलेले. उद्या वीज गेली, दुकानं ओस पडली, तरी आपलं आपण जगता यावं, अशी जागा ते दोन वर्षं शोधत होते. टॅमराच्या वहीत पाच काउंट्या होत्या. थंडीचा कडाका कधी सरतो, मोठा रस्ता किती लांब, घर बांधायला कुणाची परवानगी लागते, माती किती खोल, शेजारी कसे, अशा प्रत्येक गोष्टीला ती दहापैकी गुण देत होती.

डेलमरचा शेजारी हर्शेल यॉकम याची ऐंशी एकर जमीन विकायची होती. ती बघायला ते निघाले आणि डेलमरलाही सोबत घेतलं.

त्या दिवशी डेलमर बोलला. माती म्हणजे दगडांवर अंथरलेली चादर आहे, बटाट्यांची आशा धरू नका, हे त्याने सांगितलं. गोचिड्या, साप, फेब्रुवारीत बंद होणारा पूल, काहीही लपवलं नाही. टॅमरा भराभर लिहून घेत होती. हर्शेल आपल्या ट्रकला टेकून उभा होता. तो म्हणाला, "डेलमर, वर्षभराचं बोलणं आजच संपवलंस की रे."

सगळे हसले. डेलमरही हसला. इतक्या लक्षपूर्वक त्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

मग टॅमरा झऱ्यापाशी थांबली. खडकातून मनगटाएवढी धार पडत होती. तिने विचारलं, "हा कधी आटतो का?"

त्या मुलखात एक रीत आहे. शेजाऱ्याची जमीन विकायला निघाली की तिच्याबद्दल वाईट शब्द काढायचा नाही. माती, साप, पूल हे सगळ्या मुलखाचंच होतं; झरा मात्र एकट्या हर्शेलचा होता. डेलमरच्या वडिलांनी पाळली, हर्शेलच्या वडिलांनी पाळली. डेलमरने हर्शेलकडे पाहिलं. हर्शेल बुटाने माती उकरत होता.

डेलमर म्हणाला, "बघा ना, कसा वाहतोय."

तिने पाण्याला नऊ गुण दिले.

झरा आटतो, हे डेलमरला माहीत होतं. दुष्काळाच्या वर्षी ऑगस्टमध्ये तो ठणठणीत कोरडा पडला होता आणि हर्शेलसाठी डेलमरने स्वतः तीन बोअर मारल्या होत्या. तिसरी साडेपाचशे फूट गेली. आतल्या कपारींतून पाणी भलतीकडेच निघून जायचं, वर यायची ती नुसती धूळ. सरकारी नळाची लाइनही दोन मैल अलीकडेच संपत होती.

लिंडक्विस्टांनी जमीन घेतली. मे महिन्यात शेळ्या आल्या, कोंबड्या आल्या, टेकडीच्या उतारावर वाफे बांधले गेले. टॅमराने एकदा नोरीनला ताज्या चीजचा गोळा आणून दिला. नोरीनने तो आवडीने खाल्ला. डेलमरने पोटाचं निमित्त सांगून तोंडही लावलं नाही.

जूनमध्ये पाऊस आला नाही. जुलैतही नाही. डेलमर रोज सकाळी फाटकाशी उभा राहून आभाळ बघायचा. शेवटी नोरीन म्हणाली, "ढगांना काय विचारतोस? जाऊन त्या बाईला सांग."

"काय सांगू?"

"मला माहीत असतं तर मीच गेले असते."

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तो गेला. ट्रकमध्ये बसून त्याने वाक्य जुळवलं होतं. माझ्याकडून एक गोष्ट सांगायची राहिली, असं. पण अंगणात पोचल्यावर ते वाक्य खोटं आहे हे त्याचं त्यालाच कळलं. राहिली नव्हती, ठेवली होती.

टॅमरा गोठ्यामागे उकिडवी बसली होती. गुरांना पाणी पाजायची पत्र्याची डोणी तिने बाजूला सरकवली होती. खाली सिमेंटने बुजवलेलं बोअरचं तोंड होतं. काम संपलं की ओल्या सिमेंटवर काडीने आपली अक्षरं आणि साल लिहायची डेलमरची सवय होती.

"ही तुमची?" तिने विचारलं.

"हो, बाई."

"किती खोल?"

"साडेपाचशे. अजून दोन आहेत. तिकडे, झाडाखाली."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती त्या अक्षरांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पाच काउंट्यांत गुणांनी ही तिसरी होती. पाण्याच्या नऊ गुणांनी पहिली आली. सापांचं, मातीचं तुम्ही खरं सांगितलंत. म्हणून आम्ही बाकीचंही खरं धरलं."

डेलमरने टोपी काढली, परत घातली. हर्शेलचं नाव त्याच्या ओठावर आलं होतं, ते त्याने गिळलं. माझ्या बोअरला पाणी आहे, आणून देतो, एवढंच तो बोलू शकला. ती नाही म्हणाली नाही. शेळ्या होत्या.

त्यानंतर तो आठवड्यातून तीनदा टाकी भरून न्यायचा. ग्रेग नळी धरायचा, मान हलवायचा. घरात या, असं कुणी म्हणालं नाही. दुकानात हर्शेल त्याला चिडवायचा, पाणक्या झालास म्हणून. डेलमर दाण्याचं पोतं उचलून बाहेर पडायचा.

ऑक्टोबरमध्ये त्यांनी जमीन विकायला काढली. एका दुपारी डेलमर ट्रकवरची टाकी लिंडक्विस्टांच्या टाकीत रिकामी करत असताना ओहायोहून एक जोडपं बघायला आलं. दोन दिवस पाऊस झाला होता आणि झरा पुन्हा वाहू लागला होता, धार छान पडत होती. आलेली बाई हात ओला करून म्हणाली, किती सुंदर.

"ऑगस्टमध्ये आटतो," टॅमरा म्हणाली. "तीन बोअर मारल्यात, तिन्ही कोरड्या. चला, दाखवते."

तिला कुणी विचारलं नव्हतं. ग्रेगने डोळे मिटून घेतले. डेलमर नळी हातात धरून उभा होता. खालची टाकी भरून वाहायला लागली, पाणी त्याच्या बुटांत गेलं, तरी त्याला वाकून नळ बंद करायचं सुचेना.

ते जोडपं पंधरा मिनिटांत निघून गेलं. टॅमरा परत आली आणि नळ तिनेच बंद केला.

"गुरुवारी आणाल ना?" तिने विचारलं.

"आणीन," तो म्हणाला. तिच्याकडे बघणं त्याला जमलं नाही.