दिवसा न सांगायची गोष्ट

मंगरूळपीरच्या रहमतुल्ला पिंजाऱ्याच्या वहीत एकेचाळीस गोष्टी पूर्ण होत्या, आणि बेचाळिसावी अर्धी.

हिवाळा लागला की पिंजण खांद्यावर टाकून गावोगाव हिंडायचं, कुणाची गादी, कुणाची रजई पिंजून द्यायची आणि ज्याच्या ओसरीवर काम, तिथेच रात्री पाठ टेकायची. सारा जन्म असाच गेला होता. चार बुकं शिकला होता. उतारवयात त्याने लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टी आणि बापामागे पायी तुडवलेल्या वाटा लिहून काढायला घेतल्या. बायको मेहरबी म्हणे, "लोकायचा कापूस पिंजून पोट भरलं नाई, आता त्यायच्या गोष्टी पिंजून राह्यले!" पण शाई संपली की पुडी तीच आणून ठेवी.

अर्धी राहिलेली गोष्ट जऊळक्याच्या गोजराबाईची होती. रहमतुल्ला आठ वर्षांचा असताना बापाबरोबर तिच्या घरी उतरला होता. गोजराबाई तेव्हा माळ्याघरची तरणी सून. जेवणं झाल्यावर तिने गोष्ट धरली: भावाची हरवलेली सावली शोधत बहीण विहिरीत उतरते. एकेक पायरी, एकेक पायरी. शेवटच्या पायरीवर ती पोचते, आणि खालून कुणीतरी तिचंच नाव घेऊन हाक मारतं...

इथे रहमतला झोप लागली. ऐकणाऱ्याचा हुंकार थांबला की सांगणाराने थांबायचं, हा रिवाज. गोष्ट थांबली. पहाटे बापाने उठवून पुढच्या गावाला नेलं. हाक कुणी मारली, हे सत्तेचाळीस वर्षं त्याला कळलं नव्हतं.

दोन हिवाळ्यांमागे तो मुद्दाम जऊळक्याला गेला. दिवसभर गोजराबाईच्या रजया पिंजल्या आणि रात्री म्हणाला, "मावशी, थे विहिरीची कहानी सांग." तिने धरली. हा हूं, हूं करत राहिला. शेवटची पायरी आली आणि त्याची मान छातीवर पडली. सकाळी डोळे उघडले तर गोजराबाई वांग्याच्या वाफ्यात उभी राहून हसत होती.

"तुले तिथंच झोप येते रे बावा! त्या विहिरीत का कोनी अफू घोळली?"

"मंग आता सांग ना. वही हाय, टाक हाय."

तिचं हसू मावळलं. "दिवसा? दिवसा कहानी सांगतली तर वाटेवरचा मानूस वाट चुकते. माहा चंपत वाटेवर हाय."

चंपत तिचा उशिराचा, एकुलता एक. बेचाळीस साली जऊळक्याच्या टेशनावरून गाडीत बसून पलटणीत गेला होता. ब्रह्मदेशातून दोन पत्रं आली, मग काही नाही.

मागच्या वर्षी रहमतुल्लाने युक्ती केली. भर दुपारी दार लावून घेतलं, खिडकीला घोंगडं टांगलं, चिमणी पेटवली. "घे मावशी, झाली रात." तेवढ्यात बाहेर कोंबडा आरवला. "त्यालेही समजते, अन् तुले समजत नाई," म्हणत गोजराबाईने घोंगडं ओढून काढलं.

यंदा तो आला तो शेवटचाच म्हणून. उजवा खांदा वर उठत नव्हता. पिंजणीची ताणलेली तात एकदा वाजली की कळ थेट मानेपर्यंत जाई. पुढच्या हिवाळ्यात पिंजण भिंतीलाच राहणार, हे त्याने मेहरबीला सांगून टाकलं होतं. सारी सकाळ त्याने कशीबशी एक रजई पिंजली. कापसाचा ढीग ओसरीवर पांढरा फुगून राहिला. चंपतची बायको अंजना भाकर देऊन मळ्यात गेली. घरात बोलणं कमी झालं होतं.

गोजराबाई त्याच्यासमोर येऊन बसली.

"काढ वही."

"आता?"

"आता. लिही. पलटणीतले सारे वापस आले. मानोऱ्याकडचे दोघं आले, एक तर लंगडत आला. आता वाटेवर कोन हाय, त्याची वाट चुकंन?" तिने पदराने डोळे नाही, तोंड पुसलं. "मी थकली रे रहमत. मी मेल्यावर विहिरीत जाऊन इचारशीन का कोनं हाक मारली म्हनून? लिही. तर बहीन शेवटच्या पायरीवर आली..."

टाक शाईत बुडाला होता. सत्तेचाळीस वर्षं ज्याच्यासाठी जीव अडकला होता, ते हाताशी होतं. नुसता हूं म्हणायचा अवकाश. रहमतुल्लाच्या घशापर्यंत हूं आलाही. त्याने मळ्याकडे पाहिलं. अंजना वांगी तोडत होती, तिच्या कपाळावरचं कुंकू उन्हात लांबूनही दिसत होतं.

त्याने टाक पुसून ठेवला.

"नाई ऐकत मी."

"काहून?"

"दिवस हाय, मावशी. रातीच सांग."

"राती तू घोरतं!"

"दिवसभर पिंजन चालवतो म्हनून घोरतो. आज नाई चालवत."

"अन् दुसरी रजई?"

"उद्या. पुढं मानोऱ्याले जाचं हाय, थे लोक दोन दिवस कुडकुडतीन, काही मरत नाई."

गोजराबाई उठून आत गेली आणि एक उशी आणून कापसाच्या ढिगाशेजारी टाकली. जन्मात कधी दिवसा न निजलेला पिंजारी भर दुपारी आडवा झाला. खांद्याची कळ हळूहळू उतरत गेली. डोळे मिटता मिटता त्याला गोजराबाईचा दबका आवाज आला:

"अंजने, मोट उद्या धरू वं. चाकाचा आवाज नको करू. पाहुना झोपला हाय, राती जागाचं हाय त्याले."