गाव कुठं बसवायचं

पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा आम्ही तिघं खाटेवर उभे होतो. मी, माझी सासू आणि माझा धाकटा दीर दिनकर. भर दुपारची वेळ, पोळा दोन दिवसांवर आलेला. नाल्याचं पाणी आधी दारातून आलं, मग खिडकीतून, आणि मग मागच्या भिंतीच्या विटा सुटायला लागल्या. दिनकरनं मुसळीनं छपराचं एक टिन उचकटलं. सासूबाई त्याला म्हणाल्या, "तिले चढव आधी. ते मले वरून ओढन." बोलणं बरोबर होतं. मी अंगानं मजबूत होते, त्या सत्तरीच्या होत्या. दिनकरनं मला कमरेला धरून वर ढकललं. मी पुढच्या भिंतीवर पोट टेकवलं आणि हात खाली सोडला. सासूबाईंची बोटं माझ्या हातात आली... आणि मागची भिंत बसली. खाट पायाखालून गेली. त्या कुठं गेल्या ते दिसलंसुद्धा नाही. दिनकरचा हात खिडकीच्या गजात अडकला म्हणून तो राहिला. सासूबाई दुसऱ्या दिवशी खाली बाभळीच्या झुडपात सापडल्या.

दिनकरला जाऊन आता सव्वा महिना झाला. किडन्या गेल्या होत्या. वय चाळीसच्या आसपास. त्याच्या विद्यार्थ्यांनी त्याच्याबद्दल चांगलं चांगलं लिहिलं, की सरांनी वर्ध्यातल्या गरीब पोरांना कॉम्प्युटर शिकवला. ते खरं आहे. पण तो माणूस आयुष्यभर एकाच गोष्टीचा विचार करत होता, आणि ती गोष्ट त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे, कारण तिच्यात माझाही हात होता.

मी लग्न होऊन आले त्याच्या सहा वर्षांनी दिनकर जन्मला. सासूबाईंचं ते शेंडेफळ. त्यांना दूध आलं नाही, म्हणून वाटीचमच्यानं शेळीचं दूध मीच पाजलं. मला मूलबाळ झालं नाही, नवराही लवकर गेला. घरात दोन बाया आणि हे पोर. शिकायला हुशार निघालं. वर्ध्याला कॉलेज केलं आणि तिथंच एका कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायला लागलं. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे एसी लावलेल्या खोलीत चपला काढून जायची वस्तू. एकदा मला दाखवायला घेऊन गेला. दुपारी क्लास रिकामा होता. त्यानं पडद्यावर एक खेळ लावला.

खेळ असा, की सगळीकडं अंधार आणि मधोमध माणसांचा एक लहानसा जत्था उभा. तो जत्था एकेक चौकोन पुढं न्यायचा. जिथं थांबवाल तिथं गाव वसतं. गावाच्या भोवतालचे जे चौकोन असतील त्यांच्यावर ते गाव पोसतं. गहू असेल, गुरं असतील, नदी असेल तर गाव भराभर वाढतं, मग त्यातून दुसरा जत्था निघतो आणि दुसरं गाव वसवतो. आपली पाळी झाली की समोरच्याची, म्हणजे मशीनची. आपण पाळी संपवत नाही तोवर तिथं पानही हलत नाही. आणि एकदा बसवलं की गाव हलवता येत नाही. मला इंग्रजी येत नाही, पण चित्रं समजतात. दिनकर म्हणाला, "वैनी, पह्यलं गाव चुकलं की सारा खेळ चुकला." मी म्हटलं, "हे सांगाले मशीन कशाले पाह्यजे?"

त्याच सुमाराला आमचं गाव धरणात जायचं ठरलं. साहेब लोकांनी नव्या गावठाणासाठी दोन जागा दाखवल्या. एक बरडावरची. म्हणजे उंच, मुरमाड, रस्त्यापासून अर्धा तास पायी. दुसरी नाल्याच्या वळणात. काळीभोर जमीन, विहिरीला लवकर पाणी, आणि एसटीचा रस्ता अगदी लागून. गाव दोन तुकड्यांत भांडायला लागलं. दिनकर सुट्टी काढून आला. चौकोनाच्या कागदावर त्यानं दोन्ही जागा काढल्या आणि घरोघर दाखवत फिरला. गाव मध्ये ठेवायचं, मग भोवतालच्या दोन दोन चौकोनांत काय काय येतं ते मोजायचं. शेत, पाणी, रस्ता, बाजार. नाल्याकडची जागा दुपटीनं भरायची. लोक तोंडाकडं पाहत राहायचे. आपल्या गावचं पोर इतकं शिकलं याचंच त्यांना कौतुक.

मी त्याला एकच गोष्ट सांगितली. त्या जागांच्या बाजूच्या गावचा आखर बघ, म्हटलं. आखर म्हणजे गावची गुरं सकाळी गोळा होतात ती जागा. उन्हाळ्यात त्यांची गुरं नाल्याकडं बसत, पण पावसाळा लागला की गुराखी सगळा आखर बरडावर नेई. ओल्यात गुरं बसत नाहीत. हे मी दोन पावसाळे जातायेता पाहिलं होतं. दिनकर हसला. "वैनी, गुराईले मत नाई ना पण." बसलेले सगळे हसले. मीही हसले.

सभा शाळेच्या ओसरीत झाली. हात वर करून ठरवायचं होतं. मी बायांच्या पुढच्या रांगेत होते. आधी बरडाचं विचारलं. मी हात वर करणार, तेवढ्यात दिनकरनं माझ्याकडं पाहिलं. हातात तो चौकोनाचा कागद, आणि तोंड लहानपणी निकाल घेऊन यायचा तसं. मी हात मांडीवरच ठेवला. मग नाल्याकडच्या जागेचं विचारलं तेव्हा वर केला. आपल्या पोराची चार लोकांत फजिती होऊ नये, एवढंच डोक्यात होतं. माझ्या मागच्या बाया माझ्याकडं पाहून हात वर करत, हे मला ठाऊक होतं. सगळी रांग वर गेली.

दोन पावसाळे बरे गेले. तिसऱ्यात जे झालं ते वर लिहिलंच आहे. गावात बारा घरं पडली, माणूस एकच गेलं, आमचं. पुढं लोकांनी आपापल्या हातानं बरडावर घरं बांधली. दिनकरला तोंडावर फारसं कोणी बोललं नाही. एकदा मात्र वर्ध्याच्या स्टँडवर गावचा नामदेव भेटला आणि चार माणसांत म्हणाला, "काय दिनकरराव, आता कुठं बसवता?" दिनकर गावच्या गाडीत न बसता पायी खोलीवर परत आला. त्यानंतर तो त्या गावी कधीच गेला नाही.

आम्ही वर्ध्याला लागून बोरगाव मेघेला दोन खोल्या घेतल्या. पुढच्या खोलीत त्यानं स्वतःचा क्लास काढला, मागच्या खोलीत चूल. लग्न केलं नाही. मी दोन मुली दाखवल्या, तो म्हणाला, "राहू दे." रविवारी क्लास बंद असे. त्या दिवशी तो सकाळपासून तोच खेळ खेळे. पण आता त्याचं खेळणं पाहवत नसे. जत्था घेऊन नुसता फिरायचा. नदी आली की मागं फिर, सपाट आलं की मागं फिर. समोरच्याची तीन गावं वसून होत, याचं एकही नाही. मी पोळ्या करता करता म्हणे, "अरे, तुझे लोकं फिरता फिरता बुढे होऊन राह्यले!" कधी बसवलंच तर सगळी गावं एकाला एक खेटून. एकावर वेळ आली तर दुसऱ्याला धावून जाता यावं म्हणून, असं त्याचं म्हणणं. मी म्हणे, ताटाला ताट लावून पंगत बसवली तर वाढणाऱ्यानं पाय कुठं ठेवायचा? ती गावं एकमेकांच्या तोंडचं खाऊन उपाशी राहत. तो जवळजवळ दर वेळी हरायचा.

मग मीच त्याच्या शेजारी स्टुलावर बसायला लागले. माझा हिशोब साधा होता. पाणी इतकं जवळ हवं की घागर भरून आणता येईल, आणि इतकं खाली हवं की ते आपल्याला न्यायला येणार नाही. माझ्या सांगण्यानं तो दोनदा जिंकला. आणि दर वेळी मी म्हटलं, "तेव्हाई मी सांगतलं होतं." खेळातही म्हटलं, जेवताना म्हटलं, सासूबाईंच्या श्राद्धाला म्हटलं. दहा वर्षं म्हटलं. माझं खरं निघालं हे मी त्याला विसरू दिलं नाही. सभेतल्या हाताबद्दल मात्र मी कधी बोलले नाही, आणि त्यानंही कधी काढलं नाही. मला वाटे, त्यानं पाहिलं नसेल.

शेवटी शेवटी आठवड्यातून दोनदा त्याला रक्त धुवायला न्यावं लागे. क्लास बंद झाला, तीन कॉम्प्युटर विकले, एक ठेवला. शेवटच्या रविवारी त्याला बसवत नव्हतं. तो पलंगावर आडवा होता, माउस माझ्या हातात. नवा डाव लावला होता. मी जत्था नेत नेत एका टेकडीवर आणला. खाली नदी, वर मोकळं.

"बसव आता," तो म्हणाला.

मला ते बटण दाबवेना. मी पडद्याकडंच पाहत म्हटलं, "दिनकर, त्या सभेत मी नाल्यासाठी हात वर केला होता."

"मले माहीत आहे. हात मीच तं मोजले होते."

"मंग इतके वर्षं बोलला काऊन नाई? मी तुले टोचूनच राह्यली ना!"

"एका हातानं काय होते, वैनी."

"एक नोहोता. माह्या मागं साऱ्या बाया होत्या."

"तेई मोजले होते," तो म्हणाला. मग म्हणाला, "पाळी संपव. त्या लोकाईले उभं नको ठेवू." मी काही संपवली नाही. त्याला झोप लागली. बुधवारी तो गेला.

तो कॉम्प्युटर पुढच्या खोलीत आहे, वर माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा. तो खेळ त्यानं मला साठवून ठेवायला शिकवला होता, तसा ठेवला. चार रविवार मी चालू करून पाहिलं. जत्था टेकडीवर उभाच. विचारायला कोणी नव्हतं, आणि उद्या चुकलं तर बोलायलाही कोणी नव्हतं. पाचव्या रविवारी मी गाव बसवलं. मशीननं गावाचं नाव विचारलं. मला इंग्रजीत लिहिता येईना, मशीननंच एक सुचवलेलं होतं, तेच राहू दिलं. आणि पाळी संपवली.

आता कोणी विचारलं तर मी "तेव्हाई मी सांगतलं होतं" म्हणत नाही, एवढंच सांगते: पुराच्या दिवशी त्या घरात आम्ही तिघं होतो. सासूबाई गेल्या. दिनकर आणि मी वाचलो.